सहा टक्क्यांची लहर: एअरग्लोच्या प्रतिमांवरून संवेग प्रवाह काढताना ओझोन आणि वाऱ्याने बदललेला हिशेब

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका निरीक्षण गटाचं आहे. गटाची, ठिकाणाची आणि तारखेची ओळख काढून टाकली आहे. आकडे थोडे ढोबळ केले आहेत, पण त्यांच्यातला आपसातला हिशेब जुळता ठेवला आहे, म्हणजे ज्याला पडताळायचं त्याला कागदावर पडताळता येईल.

जमिनीपासून ८० ते १०० किमी उंचीवर रात्रीच्या आकाशाला स्वतःचा मंद उजेड असतो. दिवसा सूर्याने फोडलेला ऑक्सिजन रात्रभर हळूहळू खर्च होतो आणि त्या खर्चातून हा उजेड, म्हणजे एअरग्लो, निघतो. त्याचे थर वेगवेगळ्या उंचीवर आहेत: हायड्रॉक्सिलचा सुमारे ८७ किमीवर, सोडियमचा (५८९ नॅनोमीटर) ९० किमीच्या आसपास, आणि अणुरूप ऑक्सिजनची हिरवी रेघ (५५७.७ नॅनोमीटर) सुमारे ९६ किमीवर. प्रत्येक थराची जाडी साधारण ८ ते १० किमी. खाली वादळी ढगांनी, डोंगरांवरून वाहणाऱ्या वाऱ्याने किंवा जेट प्रवाहाने उठवलेल्या गुरुत्व लहरी (खालीवर ढकललेली हवा वजनामुळे परत ओढली जाऊन झुलते त्या लहरी) वर येताना विरळ हवेत मोठ्या होत जातात. त्या या थरांतून गेल्या की हवा खालीवर होते, तापते, थंडावते, आणि आकाशाच्या प्रतिमेत उजळ-काळे पट्टे दिसतात.

गटाकडे तीन साधनं होती. पहिलं, पूर्ण आकाश टिपणारा कॅमेरा आणि त्यापुढे फिल्टर व्हील: हायड्रॉक्सिलसाठी निअर इन्फ्रारेडचा रुंद पट्टा (७१५ ते ९३० नॅनोमीटर, मधला ८६५ नॅनोमीटरजवळचा आण्विक ऑक्सिजनचा भाग अडवलेला), हिरव्या रेघेसाठी २ नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर, सोडियमसाठी तसाच एक, आणि पार्श्वभूमीसाठी ५७२.५ नॅनोमीटरचा. दुसरं, हायड्रॉक्सिलच्या ६-२ पट्ट्यातल्या ८४० नॅनोमीटर आणि ८४६.५ नॅनोमीटरजवळच्या रेघांच्या गुणोत्तरावरून रोटेशनल तापमान (रेणूंच्या फिरण्यावरून कळणारं हवेचं तापमान) काढणारा स्पेक्ट्रोमीटर. तो फक्त डोक्यावरचं आकाश बघतो. तिसरं, जवळच्या स्थानकावरचा उल्का-रडार, जो ८० ते १०० किमीचा वारा देतो.

गटाला हवा होता संवेग प्रवाह, म्हणजे लहर वर किती संवेग नेते त्याचं माप. लहर फुटते तेव्हा तिचा संवेग वाऱ्याला मिळतो. उन्हाळ्यात ध्रुवाजवळचा मेसोपॉज (वातावरणातली सगळ्यात थंड पातळी) हिवाळ्यापेक्षा थंड असतो, तो याच ढकलण्यामुळे. हवामानाच्या मोठ्या प्रारूपांत हे ढकलणं अंदाजाने घातलेलं असतं, त्यामुळे प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्याला मोल आहे. आणि म्हणूनच चुकीचा आकडा नुसता निरुपयोगी नसतो, तो पुढच्या माणसाचंही नुकसान करतो.

रोजची प्रक्रिया आपोआप चाले. प्रतिमेतून तारे काढायचे, डार्क फ्रेम (कॅमेरा झाकून घेतलेली काळी प्रतिमा) आणि पार्श्वभूमी वजा करायची, फिशआय भिंगाची वक्रता सरळ करून प्रतिमा ८७ किमीच्या पातळीवर पसरायची, स्पेक्ट्रममधून लहर शोधायची. मग तेजस्वितेतल्या टक्केवारीला २.६ ने भागून तापमानातली टक्केवारी काढायची, थराच्या जाडीमुळे झालेली घट भरून काढायची आणि महिन्याच्या सरासरी वाऱ्यावरून उभी तरंगलांबी काढून संवेग प्रवाह लिहायचा.

अडचण

एका रात्री अडीच तास एक स्वच्छ लहर दिसली. आडवी तरंगलांबी २४ किमी, जमिनीवरून दिसणारा वेग ४० मी./से., म्हणजे आवर्तकाल १० मिनिटं. हायड्रॉक्सिलच्या तेजस्वितेत ६ टक्के आयाम, म्हणजे सरासरीच्या वर-खाली एवढा चढउतार. त्या महिन्याचा सरासरी वारा लहरीच्या दिशेत जवळपास शून्य होता.

प्रक्रियेने संवेग प्रवाह दिला २३७ (एकक चौरस मीटर प्रति चौरस सेकंद, पुढे फक्त आकडा लिहिला आहे). त्या स्थानकावर एरवी दहा-वीसच्या घरातले आकडे येत. मोठ्या लहरपुंजात शंभरावर आकडा जाणं अशक्य नाही, त्यामुळे एवढ्यावरून तो फेकून देता येत नव्हता. लहर संवहनी अस्थिरतेच्या (म्हणजे फुटण्याच्या) मर्यादेबाहेर गेली का, हेही तपासलं. या आकड्यानुसार खरा तापमान-आयाम ७.४ टक्के येत होता आणि मर्यादा १०.४ टक्क्यांची. उभ्या दिशेतला वेग १७ मी./से., हवेचं खालीवर होणं १.६ किमी. मोठं आहे, पण भौतिकशास्त्राच्या नियमात बसणारं. म्हणजे नेहमीच्या चाळणीतून हा आकडा सहीसलामत पार झाला.

अडलं ते स्पेक्ट्रोमीटरपाशी. तिथे तापमानातला आयाम २.४ केल्विन, म्हणजे २०० केल्विनवर १.२ टक्के आला. प्रक्रियेनुसार तो ६ ÷ २.६ = २.३ टक्के हवा होता. संवेग प्रवाह आयामाच्या वर्गाने बदलतो, तेव्हा एवढ्या फरकानेच उत्तर ३.७ पट वाढतं.

तेजस्वितेतली टक्केवारी आणि तापमानातली टक्केवारी यांच्या भागाकाराला क्रासोव्स्की गुणोत्तर म्हणतात. १९७२ मध्ये ते मांडलं गेलं आणि तेव्हापासून या क्षेत्रातली ती रोजची मोजपट्टी आहे. इथे मोजलेलं गुणोत्तर ५ होतं, गृहीत धरलेलं २.६.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सोपा होता: ती रात्र गाळून टाकणं. गटात त्याला पाठिंबाही होता. पण प्रक्रिया आपोआप चालत होती आणि याच २.६ ने आधीच्या सगळ्या रात्री भागल्या होत्या. एक रात्र गाळून बाकीच्या रात्री बरोबर ठरत नाहीत. हा पहिला निर्णयबिंदू, आणि तो त्यांनी नीट ओलांडला.

दुसरा पर्याय उपकरणातल्या दोषाचा. यात तीन संशयित होते. स्पेक्ट्रोमीटरचं दृष्टिक्षेत्र रुंद असेल तर तो उजळ आणि काळा पट्टा एकत्र मोजतो. १० अंशांचं क्षेत्र ८७ किमीवर १५ किमी होतं, आणि २४ किमीच्या लहरीचा आयाम त्यात निम्म्याहून खाली येतो. इथलं क्षेत्र ४ अंशांचं, म्हणजे ६ किमीचं होतं. घट १० टक्के, आणि ती आधीच भरून काढलेली. दुसरा संशयित पार्श्वभूमी. रुंद पट्ट्यात हायड्रॉक्सिलशिवाय ताऱ्यांचा आणि अखंड वर्णपटाचा उजेडही येतो. तो कमी वजा केला तर टक्केवारी खोटी लहान दिसते, जास्त वजा केला तर खोटी मोठी. म्हणून गुणोत्तर काढताना कॅमेऱ्यातली तेजस्विता न घेता स्पेक्ट्रोमीटरच्याच रेघांची तेजस्विता घेतली. तेच दृष्टिक्षेत्र, तीच वेळ, तोच प्रकाश. तरी गुणोत्तर ५ च्या जवळच राहिलं. तिसरा संशयित गोंगाट. एका मिनिटाच्या मोजणीत तापमानाची अनिश्चितता २ केल्विन होती. तासाभराच्या ६० मोजण्यांवर १० मिनिटांची साइन वक्ररेषा बसवली की आयामातली अनिश्चितता ०.४ केल्विनवर येते. म्हणजे २.४ अधिक-उणे ०.४. याने गुणोत्तर ४.३ ते ६ च्या दरम्यान फिरेल, २.६ पर्यंत उतरणार नाही.

तिसरा पर्याय असा की ही साधी लहर नसेलच. ५ ते १५ किमी तरंगलांबीच्या, पाऊण तासात विरून जाणाऱ्या बारीक सुरकुत्या बहुधा त्याच उंचीवरच्या अस्थिरतेतून येतात. त्यांना वर जाणारी लहर समजून प्रवाह काढणं चूकच. मेसोस्फिअरमधला (या उंचीवरच्या हवेतला) बोअर, म्हणजे एकाच आघाडीने पुढे सरकणारी उडी, ही दुसरी शक्यता. १० ऑक्टोबर १९९३ ला हवाईतल्या हालेआकलावरून अशी घटना टिपली गेली होती: एक सरळ आघाडी आकाशभर सरकली, ती जाताना हायड्रॉक्सिल उजळलं आणि हिरवी रेघ मंदावली, मागे शिखरांची रांग आली. इथे तरंगलांबी २४ किमी, टिकाव अडीच तास, पुढे आघाडी नाही, मागे शिखरं वाढत जात नाहीत. दोन्ही शक्यता बाजूला पडल्या.

उरला चौथा पर्याय: २.६ हा आकडाच या लहरीला लागू नसणं.

रसायन कुठे आडवं आलं

हायड्रॉक्सिलचा उजेड दोन पायऱ्यांतून येतो. आधी ऑक्सिजनचा अणू, ऑक्सिजनचा रेणू आणि धक्का झेलणारा तिसरा कुठलाही रेणू मिळून ओझोन होतो. मग हायड्रोजनचा अणू त्या ओझोनवर आदळतो आणि कंपनाच्या सहाव्या ते नवव्या पातळीपर्यंत उत्तेजित झालेलं हायड्रॉक्सिल बाहेर पडतं. १९५० मध्ये बेट्स आणि निकोले यांनी मांडलेली ही क्रिया आजही पायाभूत मानली जाते.

रात्री ओझोन जेवढा बनतो तेवढाच हायड्रोजन खातो, असं धरलं की गणित फार सुटसुटीत होतं. उजेड ओझोन बनण्याच्या वेगाएवढाच राहतो आणि त्यातून हायड्रोजनचं प्रमाण चक्क गळून जातं. गटाचा २.६ या गृहीतकावर उभा होता. हवेचा एक पुंजका १ किमी खाली सरकला असं घेऊ. घनता १२ टक्क्यांनी वाढते, तापमान ४.८ टक्क्यांनी, म्हणजे साडेनऊ केल्विनने. ओझोन बनण्याच्या वेगात घनता दोनदा येते (पुंजक्याच्या वजनामागे), म्हणून २४ टक्के वाढ. पण ही क्रिया तापमान वाढलं की मंदावते, साधारण तापमानाच्या उणे २.४ व्या घाताने, म्हणून ११.५ टक्के घट. निव्वळ वाढ साडेबारा टक्के. भागिले ४.८, उत्तर २.६.

आता वेळ बघायला हवी. या उंचीवर हायड्रोजनचे अणू घन सेंटिमीटरमागे साधारण १० कोटी धरले, तापमान २०० केल्विन घेतलं, तर ओझोनचं आयुष्य सुमारे साडेबारा मिनिटं येतं. ज्या लहरीचा आवर्तकाल दहा मिनिटं किंवा त्याहून कमी आहे, तिच्या एका हेलकाव्यात ओझोनला नव्या समतोलापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. हवा खाली जाते, परत वर येते, आणि ओझोनचं मिश्रण-प्रमाण जवळपास तेच राहतं. जणू ते गोठलेलं असतं.

गोठलेल्या ओझोनचा हिशेब वेगळा आहे. उजेड आता हायड्रोजन आणि ओझोन एकमेकांना किती वेळा भेटतात यावर ठरतो. घनतेमुळे १२ टक्के वाढ, एकदाच. शिवाय ही दुसरी क्रिया तापमानाबरोबर वेगवान होते. २०० केल्विनजवळ तापमान १ टक्का वाढलं की ती सुमारे २.३५ टक्क्यांनी वाढते, म्हणून आणखी ११ टक्के. एकूण २३ टक्के. भागिले ४.८, उत्तर ४.८. मोजलेल्या ५ च्या शेजारी.

एकाच हालचालीत एका गृहीतकात तापमान उजेडाला मागे ओढतं आणि दुसऱ्यात पुढे ढकलतं. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. उत्तेजित हायड्रॉक्सिल इतर रेणूंवर आदळून उजेड न देताच शांत होतं, ती घट धरली तर दोन्ही गुणोत्तरं थोडी खाली येतात; त्यांच्यातलं अंतर तसंच राहतं. तेव्हा ४.८ हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. पण ५ आणि २.६ यांच्यातला निवाडा त्याने होतो.

दोन टोकांमधला बदल कुठे होतो तेही याच गणितातून निघतं: ओझोनच्या आयुष्याच्या २π पट, म्हणजे सव्वा तासाच्या आसपासच्या आवर्तकालाला. त्याहून बऱ्याच सावकाश लहरींना समतोलाचं गृहीतक चालतं. अर्ध्या तासाच्या आतल्या लहरींना चालत नाही. मधल्या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे: तेजस्विता आणि तापमान यांच्यात १७-१८ अंशांपर्यंत फेजचा फरक (पूर्ण चक्र ३६० अंशांचं धरून एक दुसऱ्याच्या किती मागे आहे ते) पडतो आणि तो निव्वळ रसायनातून येतो. या प्रकरणातल्या लहरीला तो फरक जेमतेम २-३ अंश होता. हे पुढे फार कामाला आलं.

काय केलं

२.६ काढून टाकला आणि स्पेक्ट्रोमीटरने मोजलेले १.२ टक्के थेट वापरले. प्रवाह २३७ वरून ६४ वर आला. इथे थांबण्याचा मोह होता: गोंधळ सापडला, कारण कळलं, आकडाही पटण्यासारखा झाला. हा दुसरा निर्णयबिंदू. पण रसायनाचा सगळा युक्तिवाद हवेच्या सापेक्ष (वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या हवेला जाणवणाऱ्या) आवर्तकालावर उभा होता आणि तो आवर्तकाल वाऱ्यावर अवलंबून. महिन्याच्या सरासरी वाऱ्यावर विसंबून एका रात्रीतल्या एका लहरीबद्दल बोलणं पटण्यासारखं नव्हतं.

उभी तरंगसंख्या (२π भागिले उभी तरंगलांबी) काढायचं सूत्र असं; त्यातली ब्रुंट-वायसाला वारंवारता म्हणजे हवेचा पुंजका आपोआप खालीवर झुलण्याची वारंवारता, आणि स्केल हाइट म्हणजे जेवढ्या उंचीत हवेची घनता सुमारे २.७ पट घटते ती. तिचा वर्ग = (ब्रुंट-वायसाला वारंवारता ÷ हवेच्या सापेक्ष लहरीचा वेग) याचा वर्ग, त्यातून आडव्या तरंगसंख्येचा वर्ग वजा, आणि स्केल हाइटच्या दुपटीच्या व्यस्ताचा वर्ग वजा. वारंवारता ०.०२१ प्रति सेकंद (म्हणजे आवर्तकाल ५ मिनिटं) आणि स्केल हाइट ६ किमी घेतली. थर ८ किमी जाड असल्याने लहरीचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांना किती खोडतो, हे थराचा गॉसियन (घंटेसारखा) आकार धरून काढलं. तापमानाचा आयाम १.२ टक्के कायम ठेवून फक्त वारा बदलला, तर असं होतं:

| लहरीच्या दिशेतला वारा (मी./से.) | हवेच्या सापेक्ष आवर्तकाल | उभी तरंगलांबी | थरात उरणारा आयामाचा अंश | संवेग प्रवाह |
|---|---|---|---|---|
| ० | १० मि. | १४ किमी | ०.३१ | ६४ |
| −१० | ८ मि. | २० किमी | ०.५६ | २२ |
| −२० | ६ मि. ४० से. | २९ किमी | ०.७६ | १२ |
| −३० | ५ मि. ४३ से. | ५२ किमी | ०.९२ | ६ |
| −३७ | ५ मि. १२ से. | लहर वर जात नाही | – | ० |

हा तक्ता पुन्हा एकदा वाचावा असा आहे. तीच प्रतिमा, तेच तापमान, आणि उत्तर ६४ पासून शून्यापर्यंत कुठेही. लहरीच्या विरुद्ध ३६ मी./से. पेक्षा थोडा जास्त वारा असला की ती वर जाणारी लहर राहतच नाही, उंचीबरोबर विझत जाते.

रडारचा वारा अर्ध्या तासाच्या खिडकीत, ८६ ते ९० किमीसाठी पुन्हा काढला. एरवी तो तासाच्या सरासरीत वापरला जाई. खिडकी लहान केली की उल्का कमी मिळतात आणि अनिश्चितता वाढते. तो तोटा पत्करला. उत्तर आलं −२८, अधिक-उणे ८. म्हणजे उभी तरंगलांबी २९ किमीपासून जवळपास अनंतापर्यंत. नुसत्या वाऱ्यावरून याहून पुढे जाता येत नव्हतं.

म्हणून दुसरा, स्वतंत्र मार्ग घेतला: हिरव्या रेघेचा थर हायड्रॉक्सिलच्या ९ किमी वर आहे, तर दोन्ही थरांतल्या पट्ट्यांच्या फेजमधल्या फरकावरून उभी तरंगलांबी काढायची. ऊर्जा वर नेणाऱ्या लहरीचा फेज खाली सरकतो, म्हणून शिखर आधी वरच्या थरात दिसायला हवं, नंतर खालच्या. हिरव्या रेघेचं रसायन इथे मदतीला येतं. ऑक्सिजनचे दोन अणू तिसऱ्या रेणूच्या साक्षीने जुळतात, त्यातून उत्तेजित ऑक्सिजन रेणू होतो, तो आपली ऊर्जा तिसऱ्या ऑक्सिजन अणूला देतो आणि तो अणू ५५७.७ नॅनोमीटरचा प्रकाश टाकतो. उत्तेजित अणूचं आयुष्य सेकंदाहून कमी. म्हणजे या थराला लहरीच्या मानाने विलंब नाही, आणि हायड्रॉक्सिलचा विलंब २-३ अंशांचा. दोन थरांत दिसणारा फेजचा फरक जवळजवळ पूर्णपणे लहरीच्या भूमितीचा आहे, असं इथे म्हणता येतं. तासाभराच्या आवर्तकालाच्या लहरीबद्दल तसं म्हणता आलं नसतं.

पहिल्या हिशेबात हायड्रॉक्सिल ८९ अंशांनी मागे निघालं, म्हणजे तरंगलांबी ३६ किमी. इथे एक बारीक चूक दडलेली होती. फिल्टर व्हीलचा क्रम असा होता: हायड्रॉक्सिल २० सेकंद, १० सेकंद वाचन आणि चाक फिरणं, हिरवी रेघ ९० सेकंद, पुन्हा १० सेकंद, पुन्हा हायड्रॉक्सिल. प्रक्रियेने हायड्रॉक्सिल आणि त्यामागून आलेली हिरवी रेघ एकाच फेरीतल्या म्हणून एकाच वेळेच्या मानल्या. प्रत्यक्षात दोघांच्या एक्सपोजरच्या मध्यांत ६५ सेकंदांचं अंतर आहे. तेवढ्यात शिखर २.६ किमी पुढे जातं, २४ किमीतले २.६ म्हणजे ३९ अंश. क्रम सुदैवाने असा होता की हिरव्या रेघेचा मध्य तिच्या आधीच्या आणि नंतरच्या हायड्रॉक्सिल प्रतिमांच्या बरोबर मधोमध पडतो, त्यामुळे त्या दोन प्रतिमांतल्या फेजची सरासरी घेतली की झालं. दुरुस्त फरक ५० अंश, तरंगलांबी ६५ किमी.

तुलना फक्त डोक्यावरच्या २० अंशांच्या वर्तुळात केली. त्याबाहेर दोन कारणांनी भरवसा ठेवता येत नाही. उंची वेगळी असल्याने तिरप्या दिशेत दोन थरांचे ठिपके जमिनीवरच्या वेगवेगळ्या जागांवर येतात. शिवाय अरुंद फिल्टरमधून तिरका प्रकाश गेला की त्याचा पट्टा निळ्याकडे सरकतो आणि हिरवी रेघ फिल्टरच्या कडेला जाते. ९० सेकंदांच्या एक्सपोजरमुळे हिरव्या रेघेतला आयाम ४ टक्क्यांनी कमी दिसतो. फेजवर त्याचा परिणाम होत नाही.

निष्पत्ती

६५ किमी तरंगलांबीला हवेच्या सापेक्ष वेग ७२ मी./से. लागतो, म्हणजे वारा −३२. रडारच्या −२८ अधिक-उणे ८ मध्ये तो नीट बसतो. हवेच्या सापेक्ष आवर्तकाल साडेपाच मिनिटं निघाला, ५ मिनिटांच्या नैसर्गिक मर्यादेच्या अगदी जवळ. ओझोन गोठलेला धरणं मग अधिकच रास्त ठरलं.

संवेग प्रवाह ५. वाऱ्यातली अनिश्चितता धरून ० ते १२. सुरुवातीच्या २३७ चा जवळपास पन्नासावा भाग. प्रकाशित नोंदीत एकच आकडा न देता ही कक्षा दिली, आणि सोबत लिहिलं की लहर अंशतः वरखाली परावर्तित होत डक्टमधून (दोन उंचींमध्ये अडकून आडवी) जात असण्याची शक्यता खोडता आलेली नाही. पूर्ण डक्टमध्ये अडकलेली लहर वर संवेग नेत नाही. तेव्हा दोन थरांतला फरक ० किंवा १८० अंशांच्या जवळ यायला हवा होता. ५० अंश या दोन्हींच्या मधे आहे, म्हणून थोडा संवेग वर जात असावा असं मानायला जागा आहे.

चुकीतला वाटा कुणाचा किती, हेही सांगायला हवं. रसायनाने उत्तर ३.७ पट फुगवलं होतं, वाऱ्याने जवळपास १३ पट. शोध रसायनापासून सुरू झाला म्हणून तेच मुख्य दोषी वाटतं; आकडे तसं म्हणत नाहीत. पण तेजस्विता आणि तापमान यांच्यातली विसंगती दिसली नसती, तर वाऱ्याकडे कोणी वळून पाहिलंच नसतं.

जुन्या रात्री पुन्हा चालवताना त्यांची सरसकट विभागणी केली. अर्ध्या तासाच्या आतल्या आवर्तकालाच्या लहरींना मोजलेलं गुणोत्तर, तेजस्वितेची आणि तापमानाची नोंद दोन्ही असेल तिथेच. ज्यांच्याजवळ स्पेक्ट्रोमीटरची नोंद नाही त्यांचा प्रवाह काढलाच नाही. दिशा, वेग आणि तरंगलांबी तेवढी ठेवली. काहींना हे जास्तच कडक वाटलं. आमच्या मते ते योग्य होतं, कारण ज्या रात्री गुणोत्तर मोजलेलं नाही त्या रात्री गोठलेल्या ओझोनचा ४.८ लावणं म्हणजे पुन्हा एक ठरावीक आकडा मागच्या दाराने आत घेणं.

वेगळं काय करता आलं असतं

प्रत्येक फ्रेमसोबत एक्सपोजरचा मध्य नोंदवायला पहिल्या दिवसापासून सुरुवात हवी होती. सुरुवातीची वेळ किंवा फेरीचा क्रमांक पुरत नाही. दहा मिनिटांच्या लहरीला एका मिनिटाचा घोळ ३६ अंशांचा पडतो.

फिल्टरांचा क्रम इथे नशिबाने बरा होता. चारही फिल्टर एकामागून एक घेतले असते तर हायड्रॉक्सिलची पुढची प्रतिमा ३३० सेकंदांनी आली असती. ६६० सेकंदांपेक्षा कमी आवर्तकालाची लहर अशा नमुन्यात उलटी धावताना दिसू शकते आणि मग संवेगाचं चिन्हच बदलतं. दर दुसरी प्रतिमा हायड्रॉक्सिलची ठेवली तर दोन प्रतिमांमधलं अंतर १३० सेकंदांवर येतं आणि ही भीती जाते. हिरवी रेघ आणि सोडियम कमी वेळा मिळतात, ते चालतं, कारण दिशा हायड्रॉक्सिलवरून आधीच ठरलेली असते.

सोडियमचा थर या प्रकरणात वापरलाच नाही, हे खटकतं. तो ९० किमीवर आहे आणि त्याचा उजेडही ओझोनमधूनच येतो: सोडियमचा अणू ओझोनशी जुळून सोडियम ऑक्साइड होतो, त्यावर ऑक्सिजनचा अणू आदळून उत्तेजित सोडियम सुटतो. हायड्रॉक्सिलशी त्याची तुलना केली असती तर ओझोन खरंच गोठलेला आहे का, याचा आणखी एक पुरावा हाती आला असता. प्रतिमा डिस्कवर होत्या.

वाऱ्याची खिडकी तासाची ठेवायची की अर्ध्या तासाची, हा निर्णय प्रत्येक वेळी हाताने घ्यावा लागू नये. गटाने नंतर नियम केला: आधी संवेग प्रवाहाचा वाऱ्यामागे होणारा बदल काढायचा, आणि १० मी./से. च्या फरकाने उत्तर दुपटीहून जास्त हलत असेल तर आकड्याऐवजी कक्षा लिहायची. वरच्या तक्त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ या नियमात अडकते.